पुनर्जनन की नुसतं ‘भरून येणं’?

प्रश्न असा: माशांच्या मेंदूवरच्या लेखाचा अनुवाद करताना ‘रीजनरेशन’ला पुनर्जनन म्हणावं की पुनरुत्पादन? आणि सरळ ‘जखम भरून येते’ लिहिलं तर चालेल का?

पुनरुत्पादन बादच करा. ते वाचून पिल्लं आठवतात, मेंदू नाही. पुनर्जनन बरोबर. दहावीच्या पुस्तकात प्लॅनेरिया या चपट्या कृमीच्या तुकड्यांपासून नवे प्लॅनेरिया होतात, तिथे हाच शब्द आहे. तिथे तो प्रजननाच्या धड्यात बसलाय, म्हणून एकदा ‘गमावलेला भाग पुन्हा घडणे’ असा खुलासा करून टाका.

खरी गोम ‘भरून येणे’त आहे. गुडघा फुटला, खपली धरली, वण राहिला, तरी आपण जखम भरली असंच म्हणतो. तुमच्या लेखात मात्र सगळा मुद्दा या वणाचाच असणार. झेब्राफिश या छोट्या पट्टेरी माशाच्या पुढच्या मेंदूत बारीक सुई खुपसली तर तिथल्या ग्लिया पेशी (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) विभागू लागतात, त्यांतून नव्या चेतापेशी घडतात आणि कायमचा वण राहत नाही. जपानी मेदाका माशाच्या मेंदूतल्या, नजरेचं काम पाहणाऱ्या भागाला अशी इजा केली तर ग्लिया विभागतात, पण चेतापेशी फारशा होत नाहीत. म्हणजे मेदाकाची जखम भरते, झेब्राफिशचा पुढचा मेंदू पुन्हा घडतो. दोघांना एकच क्रियापद लावलंत तर तुलनाच गेली!

वयही गाळू नका. आफ्रिकेतल्या पावसाळी डबक्यांतला टर्क्वाइज किलीफिश जेमतेम काही महिने जगतो. तरुणपणी त्याचा मेंदू छान सावरतो, म्हातारपणी मात्र तिथे ग्लियांचा वण धरतो. तसंच मेंदूच्या भागाचं. प्रौढ झेब्राफिशच्या अनुमस्तिष्कात, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या मागच्या भागात, छोट्या कणिकापेशी पुन्हा तयार होतात, पण पुर्किंजे नावाच्या मोठ्या चेतापेशी फारशा परत येत नाहीत. तेव्हा ‘झेब्राफिशचा मेंदू पुन्हा तयार होतो’ असं सरसकट ठोकून देऊ नका, कुठला भाग ते लिहा.

‘फुटणे’ हे आपलं झकास क्रियापद. पालवी फुटते, पालीला शेपूट फुटतं, झेब्राफिशच्या कापलेल्या परालाही ते शोभेल. मेंदूला लावलंत तर अर्थाचे बारा वाजतील.

मी असं लिहीन: ‘इजेनंतर मेदाकाच्या मेंदूतली जखम भरते, पण चेतापेशींचं पुनर्जनन फारसं होत नाही.’