शेजाऱ्याने प्लॉट पाडले, पाटचारी बुजली

प्रश्न : ताई नमस्कार, पांझरेकाठी साक्री तालुक्यात आमची दोन एकर काळी जमीन आहे. दोन महिन्यांपूर्वी शेजारच्याने शेत प्लॉटवाल्याला दिलं, त्याने जेसीबी लावून बांध सपाट केला, फक्की मारून प्लॉट पाडले आणि त्यात आमची पाटचारीच (पाटाचं पाणी शेतात आणणारी चारी) बुजली. आता तोच एजंट आमच्याकडे चकरा मारतोय, पोरगं म्हणतं पाणीच येत नाही तर देऊन टाकू. मोबाईलवर वाचलं की अमेरिकेत ओरेगन राज्यात शहराभोवती रेष आखतात आणि बाहेर वस्ती वाढू देत नाहीत, आपल्याकडे असं काही नाही का?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : भाऊ, ओरेगनचं खरंय, 1973 चा कायदा आहे तो. पण ती रेष कायमची नसते बरं, पुढच्या 20 वर्षांच्या घरांना पुरेल एवढी जागा आत ठेवावीच लागते, म्हणून ती सरकते, पण हिशोब करून. आपल्याकडे 1966 चा नगर रचना कायदा आहे, आराखड्यात शेती झोन, रहिवासी झोन असतं सगळं, तुमच्या गटाचा झोन दाखला काढला की कळेल. पण गावठाणाला लागून रहिवासासाठी जमीन अकृषिक, म्हणजे बिगरशेती, करणं सोपं असतं, त्यामुळे गावं फुगतात ती नेमकी पाण्याखालच्या काळ्या जमिनीकडे, आणि गावातले जुने पडके वाडे तसेच कुलूप लावून पडलेले! मला हे बिलकुल पटत नाही.

आणि खरं सांगू का, तुम्हा पांझरेवाल्यांना ओरेगन कशाला पाहिजे? तुमची मिळून पाणी वाटायची फड पद्धत काय होती मग? बंधाऱ्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, फेरपालट पण मिळूनच, पाणी द्यायला पाटकरी. सातबारा ज्याचा त्याचा पण पाटाखाली काय होणार ते एकट्याने ठरवायचं नाही, आता एकाने प्लॉट पाडले की खालच्या दहा जणांची शेती आपोआप विकायला निघते, एजंटला ते बरोबर माहीत असतं.

म्हणून विकायचं नंतर बघू, आधी पाणी सोडवा. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5, तहसीलदारांकडे दावा, अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत टाकावा लागतो, म्हणजे तुमच्याकडे चारच उरलेत. चारी होती याचे पुरावे जमवा, पाणीपट्टीच्या पावत्या, जुना नकाशा, खालच्या शेतकऱ्यांचे जबाब, आणि जमल्यास त्यांनाही सोबत घ्या. त्या लेआउटला मंजुरी आहे का आणि मंजूर नकाशात चारी दाखवलीय का तेही माहिती अधिकारात मागा. बुजलेल्या जागेचे फोटो आजच काढा, मुरूम पडून रस्ता झाला की मग चारी कुठे होती ते दाखवायला कोणी उभं राहत नाही.