पहिली टेबल टेनिस स्पर्धा भरवताय? आधी एवढं बघा

सोसायटीच्या हॉलमध्ये स्पर्धा घेताय, फार छान! एकच गोष्ट नीट जमवलीत तरी लोक पुढच्या वर्षी परत येतील: थेट बाद पद्धत नको. नवखा खेळाडू सकाळी आठला येतो, तयारीच्या खेळाडूसमोर ०-३ हरतो आणि साडेआठला बॅट कव्हरमध्ये घालून घरी जातो. तो पुन्हा नाव देत नाही. चार-चार जणांचे गट करून साखळी खेळवा. प्रत्येकाला तीन सामने नक्की मिळतात. गटात तिसरे-चौथे आलेल्यांची वेगळी बाद फेरी ठेवा आणि तिलाही चषक द्या.

नवे आयोजक हमखास चुकतात ते इथे:

- टेबलांचा हिशेब न करताच नावं घेणं. एका गटाचे सहा सामने, पाच गेमचा सामना वीस-पंचवीस मिनिटांचा. म्हणजे एका टेबलावर दोन-अडीच तास धरा.
- फक्त वयोगट ठेवणं. चाळिशीत पहिल्यांदा बॅट धरलेल्या ताईंनी खेळायचं कुठे? 'जिल्हा स्पर्धा न खेळलेले' असा गट हवाच.
- पंखे. चेंडू जेमतेम २.७ ग्रॅमचा, टेबलाच्या डोक्यावरचा पंखा बंदच ठेवा.

हरलेल्याने पुढच्या सामन्याला पंच व्हायचं, हे नाव नोंदवतानाच सांगा. मानांकन (तगडे खेळाडू सुरुवातीलाच एकमेकांसमोर येऊ नयेत म्हणून लावलेला क्रम), बॅटच्या रबरांचे नियम वगैरे पुढच्या वर्षी बघू.