प्रश्न: इंदूरला घरी बारा जणांसाठी वाइन टेस्टिंग ठेवतोय, नाशिकचा एक छोटा वाइनमेकर स्वतः येणार आहे. बाटल्या किती, ग्लास कोणते, खायला काय?

बाटल्यांचा हिशेब सोपा आहे. टेस्टिंगला माणशी ६० मिली ओततात, ७५० मिलीची बाटली बारा जणांना पुरते. चार वाइन, चार बाटल्या, वर एखादी जास्तीची. चारच्या पुढे जाऊ नका. पाचव्या ग्लासाला कुणाला काही कळत नाही, नुसता आवाज वाढतो.

पण तुम्ही पुढे लिहिलंय की ‘बाटल्या तोच घेऊन येतोय, फेब्रुवारीतला शनिवार ठरलाय, त्यामुळे खर्च असा काही नाही.’ हे वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले.

आम्ही हे केलंय. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांना एकत्र जाणारं आमचं टोळकं आहे, त्यातल्या एकीच्या ओळखीचा मुलगा नाशिककडे दिंडोरीच्या बाजूला स्वतःची वाइन करतो. पलासियातल्या एका बार-रेस्टॉरंटची वरची खोली घेतली. माणशी १५०० रुपये काढायचे, त्यातले हजार रेस्टॉरंटला आणि पाचशे त्या मुलाला मानधन, असं मी ठरवलं. माझे मोठे दीर भडकले. “आपण बोलावलेल्या माणसांकडून पैसे घ्यायचे? आणि त्याला कसलं मानधन? त्याची जाहिरातच होतेय की!”

आता भाऊजींचं राजवाड्याजवळ साड्यांचं दुकान आहे. पन्नास वर्षं येणाऱ्या गिऱ्हाइकालाही फॉल-पिको फुकट करून दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तिथे जाहिरात होत नाही वाटतं.

मुलगा आला. आग्रा रोडने धुळे, शिरपूर, सेंधवा करत चारशेच्या वर किलोमीटर गाडी चालवून. वाइनबद्दल तो बोललाच कमी, वेलाबद्दल जास्त बोलला. युरोपातला वेल थंडीत झोपतो, आपल्याकडचा झोपतच नाही, म्हणून त्याला वर्षातून दोनदा छाटावं लागतं. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, म्हणजे काड्या वाढवायला, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठी, आणि पीक मात्र एकदाच, जानेवारी ते मार्च. खायच्या थॉम्पसन द्राक्षाचा मणी मोठा, साल पातळ, बी नाही. वाइनच्या शिराझचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. रेड वाइनचा रंग सालीतून येतो, तुरटपणा साल आणि बिया दोन्हींतून. एका मावशींनी विचारलं, “पायांनी तुडवता का रे अजून?” तो म्हणाला, “नाही मावशी, मशीन आहे. तिचे हप्ते चालू आहेत.”

हे असं मराठीत, समोर बसून ऐकायला मिळणं, याचेच पैसे. अमीर खाँसाहेबांच्या गावात राहून आपण बैठकीतल्या गवयाला बिदागी देतो, तेव्हा ‘तुमचं नाव होतंय’ म्हणून हात झटकत नाही ना?

शेवटी भाऊजी त्याच्याजवळ गेले. “छान आहे हं. एक-दोन बाटल्या सॅम्पल म्हणून ठेवून जा, मी दहा जणांना सांगतो.” तो शांतपणे म्हणाला, “काका, या रेस्टॉरंटच्या लायसन्सवर आल्यात. माझ्या राहिल्याच नाहीत.” भाऊजींनी एकही बाटली मागवली नाही, आणि दिवाळीत सगळ्यांसमोर मला ऐकवलं की सुनांनी घराण्याची रीत बदलली. बदलली, बरं केलं.

तर आधी मानधन ठरवा. येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च वेगळा. फेब्रुवारी तर रद्दच करा. तोडणी ऐन भरात असते, फळ क्रशरवर येत असतं, टाक्यांत रस आंबत असतो. त्या दिवसांत तो ‘हो’ म्हणालाय ते भिडेखातर. नोव्हेंबर-डिसेंबर बघा.

ग्लास साधे, वर निमुळते होणारे, कॅटररकडून भाड्याने आणा आणि नुसत्या गरम पाण्याने धुवा. साबणाचा वास राहिला तर सगळं फुकट. उदबत्ती, अत्तर, मोगऱ्याचा गजरा त्या दिवशी नको. चव घेऊन झाल्यावर वाइन थुंकायला कागदी पेले ठेवा आणि यजमानांनी आधी थुंकून दाखवा, नाहीतर लाजेने कुणी थुंकत नाही. ‘रेड रूम टेम्परेचरला’ हे इंदूरच्या रूमला लागू नाही. १६-१८ अंश पाहिजे, म्हणून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. व्हाइट ८-१० अंशांवर.

खायला चीजच लागतं असं नाही. आम्ही भुट्ट्याचा कीस ठेवला होता, मिरची अगदी कमी. दुधात शिजलेल्या मक्याची ती गोडसर चव शेनिन ब्लांक या व्हाइट वाइनबरोबर छान जाते. जीरावन, म्हणजे पोह्यांवरचा तो इंदुरी मसाला, आणि तिखट शेव टेबलावर येऊ देऊ नका. तिखटावर अल्कोहोल गेलं की आग वाढते आणि शिराझ नुसती तुरट लागते. जिलेबी, रबडी सगळं आटोपल्यावर, कारण गोडावर कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाइन आंबट लागते.

आणि हो, हे आधी लिहायला हवं, पण भाऊजी मध्ये आले. दारू हा राज्याचा विषय आहे. नाशिकच्या बाटल्या डिकीत घालून सेंधव्याजवळ राज्याची हद्द ओलांडणं त्याला महागात पडू शकतं. इथे विकायचं तर आबकारी (एक्साइज) खात्यात प्रत्येक वाइनच्या लेबलाची नोंदणी लागते, तिची फी वेगळी, त्यामुळे छोटे लोक सगळी लेबलं नोंदवत नाहीत. आमच्या वेळी त्याची दोनच नोंदलेली होती, बाकी दोन वाइन दुसऱ्यांच्या घेतल्या आणि त्याच्याकडूनच समजून घेतल्या. घरी करणार असाल तर एक दिवसाचा परवाना काढा, आणि घरी पाहुण्यांकडून वाइनचे पैसे घेऊ नका, ती विक्री ठरते. वर्गणी काढायची असेल तर लायसन्स असलेली जागाच बघा.

आज त्याला फोन करून विचारा की मध्य प्रदेशात त्याची किती लेबलं नोंदलेली आहेत. एकही नसेल तरी बोलवा, बाटल्या इथल्या दुकानातून घ्या आणि बोलू द्या त्याला. मानधन तेव्हाही तेवढंच.