माओरी कोरीवकाम शिकायला न्यूझीलंडला पाठवू का?

प्रश्न: मुलगा यंदा बारावी झाला. सावंतवाडीत खेळणी करणाऱ्यांकडे हत्यारं चालवायला शिकला. माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, आकृत्या बघून लाकडी पदकं कोरतो आणि ऑनलाइन विकतो. आता न्यूझीलंडलाच शिकायचं म्हणतो. पाठवावं का?

उत्तर: ताई, आत्ताच नको. रोटोरुआ शहरातल्या ‘ते पुइआ’ या माओरी कला केंद्रातली लाकूड कोरीवकामाची शाळा 1967 पासून चालू आहे, पण तिथे माओरी तरुणांनाच घेतात. फी भरून जागा मिळत नाही. आणि ते रास्तच आहे. माओरी कुळाच्या सभागृहाच्या खांबावरची आकृती त्या कुळाचा पूर्वज असते. तेव्हा ‘माओरी’ म्हणून पदकं विकणं चिरंजीवांनी आधी बंद करावं.

शिकण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. वेलिंग्टनच्या ‘ते पापा’ संग्रहालयातलं सभागृह माओरी कलाकार क्लिफ व्हायटिंग यांनी एमडीएफ कापून, भडक रंगवून उभं केलं. दुसरे माओरी कलाकार रांगी किपा ‘हेइ टिकी’ (गळ्यात घालायचं मानवाकृती पदक) कोरतात ते कोरिअनमध्ये, म्हणजे ओट्याला बसवतात त्या कृत्रिम दगडात. माध्यम नवं, वंशावळ जुनी. तुमच्या मुलाने त्यांच्याकडून कसब घ्यावं, आकृत्या स्वतःच्या काढाव्यात.

सरावासाठी शिवणीची इंचभर जाड फळी घ्या. 6 मिमी अंतरावर समांतर वळणं आखून व्ही आकाराच्या पटाशीने 3 मिमी खोल चर पाडायचे, मग चरांच्या मध्ये उरलेल्या एकाआड एक कडेला सारख्या अंतराने खाचा मारायच्या. माओरी ‘रौपोंगा’ नक्षीची जात साधारण हीच. बिघडतं ते वळणावर: पटाशी लाकडाच्या रेषेविरुद्ध गेली की कड उपटते. तिथे थांबून उलट बाजूने यावं. खाचांच्या कडा भुगा होत असतील तर पटाशी बोथट झाली आहे; पॉलिशपेपर मारून ते झाकू नये, जाणकाराला लगेच कळतं. एमडीएफ कापताना चांगला मास्क हवाच.

पदवी इथेच करावी: शिल्पकलेत बीएफए, 4 वर्षं. राज्यातल्या बहुतेक कला महाविद्यालयांना एमएएच-एएसी सीईटी ही राज्याची कला प्रवेश परीक्षा लागते. पुढे पामर्स्टन नॉर्थच्या मॅसी विद्यापीठात माओरी दृश्यकलेचा विभाग आहे. परदेशी विद्यार्थ्याला कुठल्या अभ्यासक्रमाला घेतात, हे ईमेलने लेखी विचारून घ्या. खर्च मांडताना राहणं आणि सक्तीचा विमा धरा. सोबत लाकडी नमुने नेले तर तिथे उतरताना जाहीर करावे लागतात आणि किडीचा संशय आला की अडवतात, त्यामुळे पोर्टफोलिओ फोटोंचाच न्यावा.