खेळात शिरतानाचं ते एक मिनिट

“मॅडम, याला मित्रच नाहीत हो.” शाळा सुरू होऊन महिनाभर झाला की हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येऊ लागतं. कधी आई म्हणते, कधी बाबा. आजी सोबत आली असेल तर तिचं ठरलेलं असतं, “आमच्या वेळी असलं काही नव्हतं बाई.” गाव बदललं, घर बदललं, शाळा बदलली की हा प्रश्न हमखास निघतो. त्यातलीच एक हकिकत सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि आईवडिलांना विचारून लिहिते आहे.

मुलाला ओंकार म्हणू. नऊ वर्षांचा, चौथीत. बाबांची नोकरी बदलली म्हणून हे कुटुंब इचलकरंजीहून पुण्यात आलं, वाकडच्या बाजूला एका मोठ्या सोसायटीत भाड्याने. इचलकरंजीत गल्लीत चुलत भावंडं, शेजारची पोरं. दाराबाहेर पाऊल टाकलं की भिडू तयार. पुण्यात संध्याकाळी खाली पंधरा-वीस मुलं खेळत असतात आणि हा घरात मोबाईल घेऊन बसतो, अशी आईची तक्रार. बाबांचं निदान झालेलं होतं: “घुमा आहे, माझ्यासारखाच.” आईचंही झालेलं होतं: “इथली पोरं शिष्ट आहेत.” तिने उपायही करून पाहिला होता. एका संध्याकाळी ती स्वतः खाली गेली आणि सगळ्यांना म्हणाली, “याला पण घ्या रे खेळायला.” मुलांनी घेतलं. गेटजवळ, जिथे बॉल कधीच जात नाही, तिथे फील्डिंगला उभं केलं. बॅटिंग आलीच नाही. दुसऱ्या दिवशी ओंकार म्हणाला, “मला कच्चं लिंबू केलं.” त्यानंतर तो खाली जाईना.

पाच वर्षांच्या मुलाला कच्चं लिंबू असणं आवडतं. नऊ वर्षांच्या मुलासाठी तो अपमान असतो, आणि तो आईच्या शब्दावरून झाला की दुप्पट लागतो.

अशा वेळी मी आधी मित्रांची संख्या बाजूला ठेवते. एकटं खेळणं हा काही आजार नव्हे. काही मुलांना एक मित्र पुरतो, काहींना आठवड्यातून दोनदाच माणसं हवी असतात, आणि ती मजेत असतात. मला विचारायचं असतं ते असं: त्याला स्वतःला मित्र हवे आहेत का? झोप, जेवण ठीक आहे ना? शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही, असं होतं का? कोणी ठरवून, पुन्हा पुन्हा त्रास देतंय का? ओंकारच्या बोलण्याची नक्कल व्हायची, “नसतंय, नसतंय” म्हणून चिडवायचे, पण ते अधूनमधून आणि सगळेच सगळ्यांना चिडवतात त्यातलं. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेयस यांनी छळाची ओळख सांगताना तीन गोष्टी धरल्या: मुद्दाम दिलेला त्रास, तो पुन्हा पुन्हा होणं, आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसणं. तिन्ही दिसले तर मुलाला मैत्री शिकवत बसायचं नसतं, मोठ्यांनी मध्ये पडायचं असतं. इथे तसं नव्हतं. ओंकार झोपत होता, जेवत होता, आणि त्याला मित्र हवे होते. हे शेवटचं त्याने मला न विचारता सांगितलं.

मग आईला एक काम दिलं. घर दुसऱ्या मजल्यावर, बाल्कनीतून दिसतं आणि ऐकूही येतं. ओंकारला फक्त एक आठवडा खाली जाऊन बघ म्हणायचं, आपण खाली उतरायचं नाही, आणि जे घडलं तेवढंच वहीत लिहायचं. “शिष्ट”, “बिचारा” हे शब्द बंद. तिने लिहिलेलं साधारण असं होतं:

“मंगळवार. थोडा वेळ कठड्याला टेकून उभा. मग एकदम मध्ये गेला. ‘एक टप्पा आउट कुठं असतंय? आमच्यात नसतंय.’ मोठा मुलगा ‘तू जा बरं’ म्हणाला. वर आला.”

“गुरुवार. ‘मी खेळू?’ विचारलं. ‘टीम फुल आहे.’ वर आला.”

“शुक्रवार. घेतलं. लगेच आउट झाला. ‘टाईम प्लीज होतं’ म्हणाला. भांडण. बॅट टाकून वर आला.”

वही वाचून झाल्यावर आई स्वतःच म्हणाली, “म्हणजे हा घुमा नाहीच की.” नव्हताच. वर्गातल्या मुलांना “तुला कोण आवडतं, कोण आवडत नाही” असं विचारून केलेल्या अभ्यासांत एक फरक दिसतो, तो आईबापांच्या नजरेतून नेहमी सुटतो. जॉन कोई, केनेथ डॉज आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये तो नीट मांडला. काही मुलांचं नाव कुठल्याच यादीत येत नाही. ती कोणाच्या लक्षातच नसतात. काहींचं नाव नावडत्यांच्या यादीत येतं. घरून पाहिलं तर दोघंही सारखेच एकटे. पण पहिल्याला पुढे यायला बळ लागतं, दुसऱ्याला पुढे येण्याची रीत बदलावी लागते. ओंकारला “लाजू नकोस, बिनधास्त जा” असं रोज सांगितलं जात होतं. तो बिनधास्त जातच होता, आणि तीच अडचण होती.

चालू खेळात शिरणं हे मुलांच्या जगातलं फार नाजूक काम आहे. मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन यांनी 1981 मध्ये दुसरी-तिसरीतल्या मुलांवर नेमकं हेच पाहिलं. ज्यांना गट झिडकारतो ती मुलं शिरताना स्वतःबद्दल बोलतात, प्रश्न विचारतात, न पटल्याचं सांगतात. थोडक्यात, सगळ्यांचं लक्ष खेळावरून काढून स्वतःकडे ओढतात. खेळणाऱ्यांना ते नको असतं, कारण त्यांचा खेळ रंगात आलेला असतो. ज्यांना जमतं ती मुलं आधी बघतात, काय चाललंय ते ओळखतात, आणि त्याच कामाला हात लावतात. त्यांनाही नकार मिळतो बरं का. लोकप्रिय मुलांनाही मिळतो. ती घरी जात नाहीत, एवढाच फरक.

“पण आम्हाला कोणी शिकवलं होतं मैत्री करायला?” आईने विचारलं. शिकवलं होतं. गल्लीत पाच वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची पोरं एकत्र असायची. धाकट्याला कच्चं लिंबू म्हणून आत घ्यायचे, त्याच्यावर राज्य यायचं नाही, आणि तो दोन-तीन वर्षं नुसता बघत, पळत, बॉल आणून देत शिकायचा. रडीचा डाव खेळला की कोणी तरी ताई किंवा दादा टपली मारून खेळ पुढे चालू ठेवायचा. आता मुलं शाळेत, क्लासमध्ये, व्हॅनमध्ये, सगळीकडे आपल्याच वयाच्या मुलांत असतात. ओंकारला ती गल्ली मिळाली होती, पण तिथे तो घरचा होता. कोणाच्या खेळात बाहेरून शिरायची वेळच त्याच्यावर आली नव्हती.

माझ्या खोलीत आम्ही आधी कॅरम खेळलो. राणीला कव्हर मिळालं नाही की तो नियम बदलायचा. मी काही बोलले नाही, दोन डाव तसेच जाऊ दिले, मग विचारलं, “माझ्या जागी तू असतास तर तिसरा डाव खेळला असतास?” तो हसला आणि म्हणाला, “उठून गेलो असतो.” तिथून बोलणं सोपं झालं.

शेरी ओडेन आणि स्टीव्हन अ‍ॅशर यांनी 1977 मध्ये तिसरी-चौथीतल्या एकट्या पडलेल्या मुलांबरोबर एक साधी पद्धत वापरली: खेळाआधी एखादी गोष्ट बोलायची, मग खरोखर खेळायचं, मग “कसं झालं” ते पुन्हा बोलायचं. सहभाग घेणं, आळीपाळी सांभाळणं, बोलणं-ऐकणं, दुसऱ्याला दाद देणं, एवढंच शिकवलं. वर्गातली मुलं त्यांना खेळायला जास्त घेऊ लागली, आणि वर्षभरानंतरही ते टिकलं होतं. मी हीच पद्धत वापरते, फक्त आपल्या अंगणाला जुळेल अशी.

ओंकारबरोबर तालीम केली. मी एकटीच बॉलर, बॅट्समन आणि तो “तू जा बरं” म्हणणारा दादा झाले. (माझा दादा त्याला फार पुचाट वाटला. त्याने मला नीट करून दाखवला.) ठरलं ते असं. आधी एक-दोन ओव्हर नुसतं बघायचं. इथे काय आउट धरतात ते कळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. बॉल जिकडे जातो तिकडे उभं राहायचं. आला की पळत जाऊन बॉलरच्या हातात द्यायचा. कोणी चांगला मारला तर “भारी!” म्हणायचं, आणि ते खरंच वाटलं तरच. मग ओव्हर संपताना “मी कीपिंगला थांबू का?” असं म्हणायचं. “मला घेता का?” म्हटलं की समोरच्याला “नाही” म्हणणं फार सोपं जातं. कीपिंगला कोणालाच उभं राहायचं नसतं, त्यामुळे तिथे नाही म्हणायला कारण सापडत नाही. तरीही नाही म्हणाले, तर “बरं, पुढच्या मॅचला” म्हणून सायकल काढायची. वर यायचं नाही.

“आणि त्यांचा नियम चुकीचा असला तर?” ओंकारने विचारलं. हा त्याचा खरा प्रश्न होता. मी म्हटलं, ज्यांचं ग्राउंड त्यांचा नियम. आधी महिनाभर खेळ, मग तुझा नियम सांग; तेव्हा ते ऐकतील. त्याला हे मुळीच न्याय्य वाटलं नाही. न्याय्य नाहीच ते. नवीन नोकरीत बाबाही पहिल्या महिन्यात “आमच्या जुन्या ऑफिसात असं नसायचं” म्हणत नाहीत, हे मी सांगितलं तेव्हा बाबा खुर्चीत जरा सरसावून बसले.

आईचं काम याहून अवघड होतं, कारण ते न करण्याचं होतं. मूल वर आलं की “आज कोणाबरोबर खेळलास? घेतलं का त्यांनी?” ही चौकशी बंद करायची. रोज निकाल मागितला की मूल एक तर खोटं सांगतं किंवा खाली जायचं टाळतं. त्याऐवजी दुसरं एक काम दिलं: शनिवारी एकाच मुलाला घरी बोलवायचं. एकालाच. तिघं जमले की दोघांचं जमतं आणि तिसरा सोफ्यावर बसून राहतो, बहुतेक वेळा यजमानच. वेळ तास-दीड तास, मजा चालू असतानाच संपवायची. जे खेळणं दुसऱ्याला द्यायचं नाही ते आधीच कपाटात. आई स्वयंपाकघरात, हॉलमध्ये नाही. खायला भेळ पुरे, वाढदिवसासारखा थाट नको.

कोणाला बोलवायचं यावर आमचं थोडं वाजलं. आईच्या मनात स्कॉलरशिपला बसणारा, इंग्रजी फाडफाड बोलणारा मुलगा होता. ओंकारच्या तोंडी मात्र बी विंगमधल्या एका मुलाचं नाव यायचं. त्याच्या सायकलची चेन पडली होती आणि ओंकारने बसवून दिली होती. आईबाप मुलांसाठी मित्र निवडतात तेव्हा बऱ्याचदा स्वतःसाठी शेजारी निवडत असतात, असं माझं मत आहे. बी विंगवाला आला. दोघांनी दीड तास एक जुना रिमोटचा ट्रक खोलला आणि तो पुन्हा जोडता आला नाही. पुढच्या शनिवारी तो न बोलावता आला.

खाली काय झालं? पहिले काही दिवस कीपिंगच. एकदा ओंकारने इचलकरंजीचा भोवरा खाली नेला. हातावर घ्यायचा हे पाहून गर्दी जमली, सगळ्यांना जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, गुंडाळायला शिकायचं होतं. दोन दिवसांनी टाइल्स खराब होतात म्हणून सोसायटीतून तक्रार आली आणि भोवरा बंद झाला. पण कीपर गेला की “ओंक्या कुठंय?” असं कोणी तरी विचारू लागलं होतं.

पुढे एका रात्री आईचा घाबरा फोन: बी विंगवाल्याशी कट्टी. पत्त्यांसारखी कार्डं असतात ना हल्ली, त्यांची अदलाबदल झाली आणि मग त्याला आपलं कार्ड परत हवं झालं. आईला त्याच्या आईशी बोलायचं होतं. मी नको म्हटलं. पोरं परवा खेळायला लागतात, आयांचा अबोला सोसायटीच्या गणपतीपर्यंत चालतो. शिवाय कट्टी व्हायला आधी मैत्री असावी लागते. तीन महिन्यांपूर्वी ओंकारची कट्टी कोणाशी झाली असती? आईने त्याच्याजवळ बसून ऐकायचं, “चूक कोणाची” ठरवायचं नाही, आणि फार तर विचारायचं, “आता तुला काय हवंय, कार्ड की तो?” त्याला दोन्ही हवं होतं. साहजिक आहे. “सॉरी म्हण” असा आग्रह मी धरत नाही. या वयाची मुलं सॉरी म्हणून क्वचितच जोडली जातात, काही तरी सुरू करून जोडली जातात. तिसऱ्या दिवशी बी विंगवाला खालून ओरडला, “बॅट आण रे!” कार्डाचं काय झालं ते आईला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याच सुमाराला सोसायटीतल्या एका वाढदिवसाला ओंकारला बोलावणं आलं नाही, आणि फोटो मात्र व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांनी पाहिले. अशा वेळी “आपणही त्याला बोलवायचं नाही” हे वाक्य गिळायचं. वाईट वाटलं ना, वाटणारच, एवढं म्हणायचं आणि त्या संध्याकाळी मुलाला बाहेर घेऊन जायचं. सगळीकडे बोलावणं येतंच असं नाही, हे नऊ वर्षांच्या मुलाला समजतं. आईला समजायला वेळ लागतो.

हे सगळं अशा मुलांसाठी, ज्यांचं बाकी ठीक चाललं आहे. शाळेत जायलाच नकार, झोप उडणं, आवडत्या गोष्टींतूनही मन उडणं, “मी नसतो तर बरं झालं असतं” अशी भाषा, किंवा लहानपणापासूनच नजर, बोलणं, खेळ वेगळा वाटत असेल तर बाल्कनीतली वही पुरत नाही. तेव्हा बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसतज्ज्ञांना गाठावं. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

ओंकारच्या आईचा अलीकडे पुन्हा फोन आला. बी विंगवाल्यांचा अकरा महिन्यांचा करार संपला, घरमालकाने भाडं वाढवलं, आणि ते हडपसरला राहायला गेले. ओंकार दोन दिवस खाली गेला नाही. “आता लगेच दुसऱ्या कोणाला शनिवारी बोलवू का?” मी म्हटलं, थोडं थांबा. मित्र गेलाय, त्याला वाईट वाटू दे. महिन्यातून एकदा हडपसरला नेऊन आणता येईल का तेवढं बघा, आणि तारीख त्या दोघांनाच ठरवू द्या.