जुन्या कोल्ड्रिंकच्या जाहिराती पाहून आधीची पिढी एवढी हळवी का होते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुमचा जन्म २००४ चा. वडिलांना फोनवर गोल्ड स्पॉट, थम्स अप आणि कॅम्पा कोलाच्या जुन्या जाहिराती दाखवल्या, तर ते एकदम गप्प झाले आणि मग दिवसभर तीच चाल गुणगुणत राहिले. तुम्हाला मात्र त्या संथ आणि जरा बावळट वाटल्या. त्या खरंच चांगल्या होत्या, की हा नुसता वयाचा परिणाम?

खरं सांगायचं तर त्यातल्या बऱ्याचशा बेताच्याच होत्या. मी जाहिरातकला शिकवते, दरवर्षी या क्लिपा वर्गात लावते, आणि दरवर्षी मुलांचं मत तुमच्यासारखंच पडतं. कॅम्पा कोलाची ती प्रसिद्ध जाहिरात घ्या, १९८३ च्या आसपासची. समुद्र, होडी, पोहणारी पोरं-पोरी, त्यांत एक सडपातळ सलमान खान, सिनेमात यायच्या आधीचा. सोबत आयेशा दत्त, म्हणजे पुढच्या आयेशा श्रॉफ. पोहतात, हसतात, बाटल्या तोंडाला लावतात, मागे गाणं वाजत राहतं. सलमान ओळखू आला की वर्गात आरडाओरडा होतो आणि अर्ध्या मिनिटात तो विरतो. "मॅडम, पण यात होतं काय?" असं कुणीतरी विचारतंच. काहीच होत नाही. मुलांचं बरोबर आहे.

हीच क्लिप मी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात लावली, तेव्हा समोर पन्नाशीची माणसं होती. गंमत अशी की पहिल्या काही सेकंदांनंतर पडद्याकडे कुणी पाहतच नव्हतं. सगळे एकमेकांकडे वळून बोलायला लागले. कुणाच्या मामाकडे फ्रीज होता, कुणाच्या लग्नात क्रेट कमी पडले, कोणता भाऊ दुसऱ्याच्या बाटलीतला घोट चोरायचा. जाहिरात चांगली की वाईट, याबद्दल एक अक्षर नाही. क्लिप संपली हेही कुणाच्या लक्षात आलं नाही, बोलणं चालूच.

तेव्हा पहिला मुद्दा : हळवेपणा जाहिरातीच्या दर्जामुळे येत नाही. तो कशामुळे येतो, हे कळायला तेव्हाची परिस्थिती बघावी लागेल.

दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १ जानेवारी १९७६ ला. रंगीत प्रक्षेपण १९८२ चं. मधली बरीच वर्षं एकच वाहिनी होती आणि जाहिराती कार्यक्रमाच्या आधी एकापाठोपाठ लागायच्या. छायागीत किंवा रविवारचा सिनेमा चुकू नये म्हणून लोक आधीच येऊन बसायचे, त्यामुळे जाहिराती आपोआप बघितल्या जायच्या. पुढे ढकलायची सोय नाही, दुसरं काही लावायची सोय नाही. शेजारची चार घरंही आपल्याच खोलीत बसलेली. तीच जाहिरात त्याच संध्याकाळी सगळ्या गावानं पाहिलेली असायची. इतक्या वेळा, इतक्या जणांनी एकत्र पाहिलेली कुठलीही गोष्ट डोक्यात घर करतेच. तिला चांगलं असण्याची गरज पडत नाही.

आता दुसरी बाजू. जाहिरात रोजची, पण बाटली रोजची नव्हती. मध्यमवर्गीय घरात कोल्ड्रिंक कधी यायचं? पाहुणे आले की, लग्नात, प्रवासात एस्टी थांब्यावर बराच वेळ उभी राहिली तर, नाहीतर पोट बिघडलं म्हणून (तेव्हा लिम्का हे जवळजवळ औषधच होतं). पाहुण्यांसाठी बाटल्या आणायला पोरांनाच पिटाळायचे आणि उरलं तर पोरांना मिळायचं. बाटली काचेची, दुकानदाराची. घरी न्यायची तर डिपॉझिट ठेवा, नाहीतर दुकानासमोर उभं राहून प्या आणि परत द्या. होडीत बसून भर समुद्रात बाटल्या नेणारी ती जाहिरातीतली मंडळी पाहून माझ्या आईचा पहिला प्रश्न हाच असायचा, "यांचं डिपॉझिट कोण भरतंय?"

म्हणजे हिशेब असा झाला की पेय वर्षातून मोजक्या वेळा प्यायलं आणि जाहिरात शेकडो वेळा पाहिली. मग आज जी 'चव' आठवते, ती जिभेवरची किती आणि पडद्यावरची किती?

यावर एक सुंदर प्रयोग झालेला आहे. कॅथरिन ब्राउन या संशोधिकेनं १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला. लोकांना संत्र्याचा रस प्यायला दिला. त्यात काही जणांच्या रसात मुद्दाम मीठ आणि व्हिनेगर घालून तो बिघडवला होता. रस पिऊन झाल्यानंतर काही जणांना त्याची जाहिरात दाखवली. मग चव कशी होती ते विचारलं. ज्यांनी जाहिरात पाहिली, त्यांना रस होता त्यापेक्षा चांगला आठवला. जाहिरात पिण्याच्या आधी नव्हे, नंतर दाखवली होती, हे लक्षात घ्या. म्हणजे जाहिरात फक्त मोह घालत नाही, मागे जाऊन आठवणही दुरुस्त करते. ब्राउन यांनी पुढे २००२ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस वगैरे सहकाऱ्यांबरोबर याहून मजेदार प्रयोग केला. डिस्नेच्या उद्यानाच्या खोट्या जाहिरातीत बग्ज बनी हा कार्टूनमधला ससा दाखवला, तर काही लोकांना लहानपणी तिथे बग्ज बनीशी हात मिळवल्याचं 'आठवायला' लागलं. बग्ज बनी वॉर्नर ब्रदर्सचा. तो डिस्नेकडे असणं शक्यच नाही.

म्हणून "आताच्या थम्स अपला ती मजा नाही" असं कुणी म्हणालं की मी वाद घालत नाही, पण मनात हा प्रयोग असतो. त्या मजेत जाहिरातीचा वाटा मोठा होता, आणि ती जाहिरात आता लागत नाही.

माझ्या मते खरा गाभा मात्र याच्याही पलीकडे आहे. त्या जाहिरातींत कुणाचं आयुष्य होतं? जीन्स घातलेली, इंग्रजी गाणी म्हणणारी, मोटरसायकल आणि होड्या असलेली मुलं-मुली एकत्र हिंडतायत. तुमच्या वडिलांचं आयुष्य तसं नव्हतं, माझंही नव्हतं. आम्ही बहुतेक जण चाळीत, वाड्यात किंवा सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो, आणि गोल्ड स्पॉटचं 'द झिंग थिंग' ऐकताना 'झिंग' म्हणजे काय हेही धड ठाऊक नव्हतं. तरी चाल पाठ होती. मोठं झाल्यावर आपण तिथे असू, असं काहीतरी त्या अर्ध्या मिनिटात वाटून जायचं. आज ती क्लिप पाहताना माणूस स्वतःच्या लहानपणाची आठवण काढतो असं आपण म्हणतो, पण लहानपणाचं पडद्यावर काहीच दिसत नसतं. दिसतं ते तेव्हा हवंसं वाटलेलं आयुष्य. ते हवंसं वाटणंच परत आठवतं. पुढे पैसे आले, फ्रीजमध्ये दोन लिटरची बाटली आली, समुद्रावर सुट्टीही झाली, पण ते वाटणं गेलं. तुमचे वडील गप्प झाले ते यामुळे असावेत, असा माझा अंदाज.

या सगळ्याला एक राजकीय योगायोगही कारण आहे. १९७७ मध्ये कोका-कोला भारतातून गेली. परकीय चलन नियमन कायद्याखाली विदेशी भागभांडवल ४० टक्क्यांवर आणायचं होतं, कंपनीला ते मान्य नव्हतं. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. मोकळ्या झालेल्या जागेत पार्लेचं थम्स अप आणि प्युअर ड्रिंक्सचं कॅम्पा कोला आलं. सरकारनंही 'डबल सेव्हन' नावाचं पेय काढलं, मॉडर्न फूड इंडस्ट्रीजकडून, सत्तांतराच्या सालावरून नाव. ते फार टिकलं नाही. आणि बघा, डबल सेव्हनच्या नावानं डोळ्यांत पाणी आलेला माणूस मला अजून भेटायचाय. सरकारी थंड पेयाकडे पाहून कुणाला मोटरसायकलवरून जावंसं वाटलं नसणार.

तर १९७७ ते १९९० हा काळ असा की कोल्ड्रिंकच्या जाहिरातींत चेहरे आपले, ब्रँड आपले, थाट मात्र सगळा परदेशी. असं मिश्रण आधी नव्हतं.

पोरांसाठी जाहिरात पडद्यावर संपायचीही नाही. बुचं गोळा करायची. गोल्ड स्पॉटच्या बुचाखाली 'जंगल बुक'मधल्या प्राण्यांची चित्रं असायची. थम्स अपची क्रिकेटची छोटी पुस्तकं होती, तळहाताएवढीही नाहीत. अंगठ्यानं पानं भरभर सोडली की गोलंदाज पळत येऊन चेंडू टाकतो, फलंदाज फटका मारतो. पानं जरा ओली झाली की दोन-दोन एकदम सुटायची आणि चेंडू मधेच गायब व्हायचा. दूरदर्शनवर रिप्ले आपल्या हातात नव्हता, तो या पुस्तकात होता. एक फटका शंभर वेळा बघता यायचा, उलटाही. इथे मी मान्य करते की हे डोकं जबरदस्त होतं. बुचासाठी दुकानदाराच्या पाया पडणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या निम्म्यांनी त्या महिन्यात एकही बाटली विकत घेतलेली नव्हती.

नव्वदच्या दशकातल्या जाहिराती वेगळ्या, आणि त्यांच्याबद्दल मी इतकी कठोर नाही. पेप्सी १९९० ला 'लहर पेप्सी' म्हणून आली. १९९३ ची आमिर खान, महिमा चौधरी आणि ऐश्वर्या रायची जाहिरात आजही वर्गात चालते. शेजारीण पेप्सी मागायला येते, घरात नाही, हा पठ्ठ्या कुठून कुठून आणतो, आणि सगळं जमलं म्हणेपर्यंत पुन्हा दार वाजतं. दारात ऐश्वर्या. तेव्हा ती मिस वर्ल्डही झालेली नव्हती. प्रल्हाद कक्कड यांनी केलेली ही जाहिरात नीट गोष्ट सांगते, आणि विशीतली मुलंही शेवटाला हसतात. १९९६ च्या विश्वचषकात कोकनं अधिकृत प्रायोजकत्व घेतलं आणि पेप्सीनं 'नथिंग ऑफिशियल अबाउट इट' म्हणून त्याची टर उडवली, तेही कौतुकास्पद. पण पाहणाऱ्यांच्या प्रतिक्रिया बघा : या जाहिरातींवर लोक हसतात, दाद देतात, संवाद म्हणून दाखवतात. गप्प फारसं कुणी होत नाही. उत्तम जाहिरातीला दाद मिळते आणि बेताच्या कॅम्पाला उसासा, हे मला फार बोलकं वाटतं.

वयाचा परिणाम नाहीच असं मात्र नाही. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ मध्ये संगीताच्या आवडीवर अभ्यास केला, त्यात माणसाला साधारण चोविसाव्या वर्षाच्या आसपास ऐकलेली गाणी सर्वात जास्त आवडतात असं दिसलं. जिंगलही गाणंच. त्यामुळे थोडं थांबा, तुमचीही पाळी येईल. माझ्या वर्गातली मुलं थम्स अपला हसतात, आणि आमिर खानचं 'ठंडा मतलब कोका-कोला' लावलं की त्यांचाच आवाज बदलतो. "ही आमच्या घरी लागायची," असं म्हणतात.

कंपन्यांना हे पक्कं कळलेलं आहे. रिलायन्सनं कॅम्पा २०२३ मध्ये पुन्हा बाजारात आणलं. माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी पहिली बाटली लगबगीनं घेतली, एक घोट घेतला आणि "छे, ती चव नाही" म्हणून पुढची पोरांना दिली. थम्स अप, लिम्का आणि गोल्ड स्पॉट १९९३ मध्ये परतलेल्या कोका-कोलानं पार्लेकडून विकत घेतले. थम्स अप टिकलं, गोल्ड स्पॉट बंद झालं. म्हणून गोल्ड स्पॉटची आठवण सर्वात सुरक्षित आहे, तिला खोटं पाडायला दुकानात बाटलीच नाही.

उगाच सगळं सोनेरी करू नये म्हणून एवढंही सांगते की त्या काळात या पेयांत मिसळल्या जाणाऱ्या ब्रोमिनयुक्त वनस्पती तेलावरून वाद झाला होता आणि पुढे भारतात त्याच्या वापरावर बंदी आली. शिवाय बुचाखालची चित्रं म्हणजे लहान मुलांना साखरेच्या पाण्याकडे ओढण्याची सरळ युक्ती होती. तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं, आमच्या आई-वडिलांनाही नाही.

तुमच्या वडिलांशी बोलायचं असेल तर पुढच्या वेळी क्लिप लावण्याआधी त्यांना विचारा, त्या जाहिरातीत काय होतं ते सांगा. बहुतेक ते न घडलेलंही काहीतरी सांगतील, ते दुरुस्त करू नका. आणि चव कशी होती हे विचारू नका, त्यावर सगळ्यांचं ठरलेलं उत्तर असतं. बाटलीचे पैसे कोण द्यायचं, ते विचारा. हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना घरी विचारून यायला सांगते. एका मुलीच्या आजोबांनी सांगितलं की पैसे काका द्यायचे, पण फक्त दोन बाटल्यांचे, आणि भावंडं पाच होती. मग स्ट्रॉवर पेननं रेघा मारून वाटणी व्हायची. ही गोष्ट त्या घरात तोवर कुणालाच माहीत नव्हती.