कॅनडाने नकार दिला, आता कोर्टात काय होतं?

प्रश्न : मुलाचा स्टडी परमिट नाकारला. प्रवेशपत्र, फी, बँकेतली शिल्लक, सगळं चोख होतं. फेडरल कोर्टात गेलो तर व्हिसा मिळेल का? (नाशिक)

कोर्ट व्हिसा देत नाही. अधिकाऱ्याने निर्णय रीतसर घेतला का आणि त्याची कारणं समोरच्या कागदांना धरून आहेत का, एवढंच न्यायाधीश तपासतात. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या वाविलोव्ह निकालाने ही कसोटी पक्की केली. निर्णय आपल्याला पटत नाही, एवढ्याने तो रद्द होत नाही. महत्त्वाच्या कागदाकडे दुर्लक्ष झालं असेल तर होऊ शकतो. जिंकलात तरी फाइल सहसा दुसऱ्या अधिकाऱ्याकडे नव्याने जाते. मूळ अर्जात न जोडलेला कागद कोर्टात सहसा चालत नाही.

कॅनडाबाहेरच्या प्रकरणाला कोर्टात जायची मुदत 60 दिवसांची. आधी 'लीव्ह', म्हणजे अर्ज ऐकून घेण्याची परवानगी मिळावी लागते. ती नाकारली तर त्यावर अपील नाही. अधिकाऱ्याच्या नोंदी लगेच मागवा, पण त्यांची वाट पाहत मुदत घालवू नका. उणीव आपल्याच अर्जात असेल, तर माझ्या मते नवा भक्कम अर्ज करणंच बरं.

प्रश्न : माझी पत्नी सांगलीजवळच्या खेड्यातली. तिला इथे आणण्यासाठीच्या स्पॉन्सरशिपच्या अपिलात मराठीऐवजी हिंदीचा दुभाषी आला. आम्ही 'चालेल' म्हणालो. आता तिच्या उत्तरांत विसंगती दाखवून अपील फेटाळलं आहे. (मिसिसॉगा)

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण हे टाळता आलं असतं. साखरपुडा, नोंदणी आणि लग्न या तीन तारखांची दुभाष्याकडून गल्लत झाली, तरी खोटं बोलल्याचा शिक्का बसतो तो साक्षीदारावर.

कायदा बराचसा तुमच्या बाजूने आहे. दुभाष्याचा हक्क कॅनडाच्या मूलभूत हक्कांच्या सनदेच्या कलम 14 मध्येच आहे. मोहम्मदियन प्रकरणात फेडरल अपील कोर्टाने 2001 मध्ये सांगितलं, की भाषांतर सलग, अचूक, जाणकाराने केलेलं, निःपक्षपाती आणि जागच्या जागी झालेलं हवं. त्यात कसूर झाली, तर तिच्यामुळे निकाल फिरला असता हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. मात्र त्याच निकालाने अटही घातली : अडचण लक्षात येण्याजोगी असेल, तर पहिल्याच संधीला हरकत घ्यायला हवी. तुमचं 'चालेल' नेमकं इथे नडेल.

तरी सुनावणीचं रेकॉर्डिंग मिळवा. चुका त्या वेळी तुम्हा दोघांच्याही लक्षात येणं शक्य नव्हतं, असं दिसलं तर दार अजून उघडं आहे. मराठी आणि इंग्रजी दोन्ही उत्तम जाणणाऱ्या व्यक्तीकडून वाक्यागणिक चुका दाखवणारं प्रतिज्ञापत्र करून घ्या. अपिलाचा निकाल कॅनडातला, म्हणून मुदत फक्त 15 दिवस. आजच वकील गाठा.

ज्यांची सुनावणी व्हायची आहे त्यांनी मराठी दुभाषी हवा हे आधीच लेखी कळवावं, आणि भलताच आला तर तिथल्या तिथे, रेकॉर्डवर, नको म्हणावं. भिडेखातर गप्प बसू नये.

प्रश्न : अर्जातल्या बँकेच्या दाखल्याबद्दल शंका घेणारं व्हिसा अधिकाऱ्याचं पत्र आलं आहे. एजंट म्हणतो, उत्तर देऊ नका. (पुणे)

एजंटचं ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 1999 च्या बेकर निकालानुसार, ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होणार त्याला आपली बाजू मांडण्याची खरी संधी मिळायला हवी. हे पत्र म्हणजेच ती संधी. गप्प राहिलात तर पुढे कोर्टात 'आमचं ऐकलं नाही' असं म्हणता येणार नाही, आणि चुकीची माहिती दिल्याचा ठपका बसला तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद. बँकेच्या शाखेकडून सही-शिक्क्याचं पत्र आणा. वेळ कमी पडत असेल तर मुदत संपण्याआधी लेखी वाढवून मागा.

प्रश्न : कोर्टात अर्ज केला की देश सोडण्याचा आदेश थांबतो का? (ब्रॅम्प्टन)

बहुतेक प्रकरणांत नाही. काही निर्वासितांना आपोआप स्थगिती मिळते. बाकीच्यांना वेगळा अर्ज करून तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : प्रश्न गंभीर आहे, पाठवणी झाल्यास भरून न येणारं नुकसान होईल, आणि थांबवण्याने सरकारची जी गैरसोय होईल त्याहून तुमची हानी मोठी आहे. पाठवणीची तारीख हाती पडताच हा अर्ज करा. आदल्या दिवशी धावपळ करून आलेल्या अर्जांवर न्यायाधीश नाराज असतात.